मरे कॉड आणि वीस सेंटीमीटरची मुभा

लहान मासा पाण्यात सोडावा आणि मोठा घरी न्यावा, हा मासेमारीतील सर्वांत सहज पटणारा नियम आहे. प्रत्येक माशाला निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळावी, एवढाच त्यामागचा हिशेब असतो, आणि म्हणूनच जगभरातील अनेक नद्यांत व तलावांत पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवून दिलेली आढळते. हा हिशेब चुकीचा नसला तरी अपुरा आहे, हे ऑस्ट्रेलियातील मरे कॉडच्या उदाहरणावरून चांगले समजते.

नावात ‘कॉड’ असले तरी समुद्रातील कॉडशी या माशाचे नाते नाही. मरे आणि डार्लिंग या नद्यांच्या खोऱ्यात राहणारा हा शिकारी मासा एक मीटरहून अधिक वाढतो, चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि 1902 मध्ये तर सुमारे 113 किलो वजनाचा एक मासा सापडल्याची नोंद आहे. साधारण चार-पाच वर्षांचा झाल्यावर तो प्रजननक्षम होतो. तिथल्या वसंतात मादी पाण्यात बुडालेल्या ओंडक्यांच्या पोकळीत चिकट अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्याच्या मासेमारीला बंदी असते, ती यासाठीच.

या माशासाठी पूर्वी 60 सेंटीमीटरची किमान मर्यादा होती. 2014 मध्ये न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी ती बदलून 55 ते 75 सेंटीमीटर अशी दुहेरी मर्यादा आणली, म्हणजे त्याहून लहान मासा तर सोडायचाच, पण त्याहून मोठाही सोडायचा. गळाला लागलेला मीटरभर लांबीचा मासा परत पाण्यात सोडणे हौशी मासेमाराच्या जिवावर येणार, यात नवल नाही. मात्र केवळ किमान मर्यादा असते तेव्हा ती ओलांडलेल्या माशांवरच सगळा मारा होतो. मर्यादेच्या आतले मासे भरपूर आणि त्यापुढचे मोजकेच, अशी रचना तयार होते आणि वयस्क मासे जवळजवळ दिसेनासे होतात.

मोठी मादी इतकी मोलाची का, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. शरीराचा आकार सारखाच राहिला तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एक मीटर लांबीचा मासा 60 सेंटीमीटरच्या माशापेक्षा सुमारे साडेचार पट जड भरतो. गाभोळी भरायला तितकीच जास्त जागा मिळते. माशांच्या बऱ्याच जातींत तर अंड्यांची संख्या वजनाच्या प्रमाणापेक्षाही काहीशी वेगाने वाढते. शिवाय दीर्घायुषी माशांचे एखाद-दुसरे वर्ष दुष्काळात वाया गेले तरी चालते, पण त्यासाठी चांगला पाऊस येईपर्यंत जगलेली वयस्क जनावरे पाण्यात असावी लागतात.

याहून सूक्ष्म परिणाम आनुवंशिकतेवर होतो. मोठे मासे सतत काढले गेले, तर भरभर वाढणारा मासा लवकर जाळ्यात सापडतो आणि सावकाश वाढणाऱ्याची संतती मागे उरते. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात 1944 पासून मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या छिद्रांची, जाळी लावून पाइक नावाचे शिकारी मासे पकडले गेले आणि त्यांच्या वाढीच्या नोंदी दशकानुदशके ठेवल्या गेल्या. निसर्ग मोठ्या पाइकच्या बाजूने आणि जाळे लहान पाइकच्या बाजूने ओढत होते. मासेमारीचा जोर वाढला की वाढीचा वेग घटे, आणि तो ओसरला की काट्याचा कल पुन्हा निसर्गाकडे झुके.

तरीही 55 ते 75 हे आकडे उचलून कुठल्याही पाण्याला लावता येणार नाहीत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर-मध्य भागात अडचण उलटी होती: तिथल्या तलावांत लहान पाइकांची इतकी गर्दी झाली होती की अन्न पुरेना आणि त्यांची वाढ खुंटली. म्हणून 2018 पासून तिथे मधल्या, म्हणजे सुमारे 56 ते 66 सेंटीमीटरच्या, माशांना संरक्षण मिळाले, तर त्याहून लहान मासे मात्र दहापर्यंत नेण्याची सूट देण्यात आली. लहान मासा नेण्यास उत्तेजन देणारा हा नियम प्रथम ऐकताना विचित्र वाटतो, पण खाणारी तोंडे कमी झाल्याशिवाय तिथे मासा मोठा होणे कठीण होते.

असा कोणताही नियम सोडलेला मासा जगतो या गृहीतावर उभा असतो. गळ ओठात अडकला तर तो बहुधा जगतो, पण घशाखाली उतरला तर धोका वाढतो. आणि पाणीच बिघडले तर मोजपट्टीचा काही उपयोग नसतो. 2018 च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत डार्लिंग नदीवर मेनिंडी येथे प्रवाह मंदावलेला होता आणि शैवाल माजले होते. हवा एकाएकी गार झाल्याने पाण्याचे थर एकमेकांत मिसळले, पाण्यातील प्राणवायू संपला आणि लाखो मासे मेले. त्यांत कित्येक दशके जगलेले मरे कॉडही होते, ज्यांच्या लांबीचा मासा घरी नेण्याची मुभा कोणालाही नव्हती.