मेंदू-उद्दीपन व प्रेरक शिक्षण

कवटी न उघडता, डोक्याच्या त्वचेवरून विद्युत् प्रवाह किंवा चुंबकीय स्पंद देऊन मेंदूच्या ठरावीक भागाची उत्तेजनक्षमता बदलणे आणि त्याच्या जोडीने प्रेरक शिक्षणासाठी, म्हणजे हालचाली शिकण्यासाठी, सराव करून घेणे. क्षीण एकदिश प्रवाह आणि चुंबकीय उद्दीपन हे त्याचे दोन मुख्य प्रकार.

उगमाबद्दल एकमत नाही. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा वापरण्यास सांगतो, तेथून काही लेखक आरंभ धरतात. त्या उपचाराचा शिकण्याशी मात्र संबंध नव्हता. बाइंडमन, लिपोल्ड व रेडफर्न यांनी १९६४ मध्ये उंदरांच्या मेंदू-बाह्यकावर (मेंदूच्या बाहेरच्या थरावर) काही मिनिटे प्रवाह दिला, तेव्हा प्रवाह थांबल्यावरही परिणाम बराच काळ टिकला. आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक. माणसांवर प्रिओरी यांचे प्रयोग १९९८ चे; पण त्यांचा प्रवाह अगदी अल्पकाळाचा होता. आजची रीत ठरली ती गटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी २००० व २००१ मध्ये केलेल्या प्रयोगांतून : १ मिलिअँपिअर प्रवाह १३ मिनिटे दिल्यास परिणाम सुमारे दीड तास टिकतो. चुंबकीय उद्दीपन बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे दाखवले.

प्रवाहासाठी साधारण ३५ चौ. सेंमी.ची, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधील दोन अग्रे (इलेक्ट्रोड) लागतात : धनाग्र व ऋणाग्र. धनाग्र हाताच्या प्रेरक बाह्यकावर (हालचाली घडवणाऱ्या भागावर) बसवतात. कमीत कमी चुंबकीय स्पंदाने बोट जेथे हलते ती जागा आधी शोधून खूण करणे उत्तम. ऋणाग्र विरुद्ध बाजूच्या भुवईच्या वर येते. प्रवाह १ ते २ मिलिअँपिअर, १० ते २० मिनिटे. सुरू व बंद करताना काही सेकंदांत हळूहळू चढवावा-उतरवावा. स्पंज सुकला तर प्रवाह एकाच जागी एकवटून त्वचा भाजते. तो निथळता असला तर पाणी केसांत पसरते व अग्राचे क्षेत्र नेमके राहत नाही. बहुतेक प्रवाह त्वचा व कवटीतच अडतो, म्हणून जागेतील चूक महाग पडते.

परिणाम वेळेवर अवलंबून असतो. सराव चालू असताना धनाग्राचा प्रवाह दिल्यास शिकणे सुधारते. सरावाआधी दिल्यास ते मंदावल्याचेही आढळले आहे. राइस व सहकाऱ्यांच्या २००९ मधील प्रयोगात चिमटीचे बल नियंत्रित करण्याचा सराव सलग पाच दिवस झाला. प्रवाह मिळालेल्या गटाचा लाभ मुख्यतः एका दिवसाचा सराव संपून दुसऱ्या दिवसाचा सुरू होईपर्यंतच्या काळात दिसला. सराव संपल्यानंतरच्या तीन महिन्यांतील विसर दोन्ही गटांत सारखाच होता. गालेआ व सहकाऱ्यांना (२०११) निमस्तिष्कावरील (मेंदूच्या मागच्या-खालच्या भागावरील) प्रवाहाने चुका लवकर सुधारतात आणि प्रेरक बाह्यकावरील प्रवाहाने शिकलेले अधिक टिकते, असे दिसले. उलट बाजूने, सरावानंतर लगेच १ हर्ट्‌झचे (सेकंदाला एक) चुंबकीय स्पंद दिल्यास नुकताच झालेला लाभ पुसला जातो. सहा तासांनी दिल्यास तसे होत नाही (म्युलबाखर व सहकारी, २००२).

‘धनाग्र वाढवतो, ऋणाग्र घटवतो’ हा नियम कच्चाच समजावा. २ मिलिअँपिअरवर २० मिनिटांत ऋणाग्रानेही उत्तेजनक्षमता वाढू शकते, आणि व्यक्तिव्यक्तींतील फरक मोठा असतो. तुलनेच्या गटाला सुमारे ३० सेकंदच प्रवाह देतात, म्हणजे सुरुवातीची मुंग्या आल्यासारखी जाणीव दोन्हीकडे सारखी राहते. २ मिलिअँपिअरला ही फसवणूक नेहमी साधत नाही. डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना व अपस्माराच्या रुग्णांना चुंबकीय उद्दीपनातून सामान्यतः वगळतात.