तोळाभर रुपया आणि पेलाभर पाणी

इंदूरचा सराफा रात्री खाण्यासाठी गजबजतो, पण दिवसा तिथे सोन्याचांदीचाच व्यवहार चालतो. आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीतले दोन रुपये घेऊन मी तिथल्या एका पेढीवर गेले होते. एक १९१८ चा, पंचम जॉर्जचा. दुसरा १९४४ चा, सहाव्या जॉर्जचा. पेढीवाल्यांनी दोन्ही एकदमच काट्यावर टाकले आणि सरसकट अर्ध्या चांदीचा भाव सांगितला. मला ते पटलं नाही. नाणी रुमालात बांधून मी घरी आणली.

रुपयाचं वजन १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन ठरलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच जुना तोळा. वाणसामान ‘रुपयाभार’ मोजायची पद्धत त्यातूनच आली. काट्याच्या एका पारड्यात चक्क रुपया टाकायचा. त्याआधी ज्या त्या दरबाराचं नाणं वेगळं असे. अहिल्याबाईंच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचं पान, तर इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर सूर्याचा चेहरा. मुलखाबाहेरचा रुपया बदलून देताना सराफ बट्टा कापून घ्यायचे.

१८३५ नंतरच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. शुद्ध चांदी मऊ असते, हातोहात फिरून लवकर झिजते. तांब्यामुळे ती कठीण होते. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. अधेली, पावली, चवली (आठ, चार आणि दोन आण्यांची नाणी) यांत त्याच प्रमाणात कमी.

दुसऱ्या महायुद्धाच्या धास्तीने लोक नोटा मोडून रुपये घरात दडवू लागले. चांदी पुरेना. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली. उरलेलं ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन मात्र तेच ठेवलं. म्हणून नुसत्या काट्याला हा फरक कळत नाही. पाण्याला कळतो.

चांदीची घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन, १०.४९ ग्रॅम, तांब्याची ८.९६. त्यामुळे जुन्या रुपयाची घनता साधारण १०.३ येते आणि अर्ध्या चांदीच्या रुपयाची ९.५. तेवढ्याच वजनाचं नाणं, पण दुसरं थोडी जास्त जागा व्यापतं.

हे घरी मोजता येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी नाण्याचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. पाणी नाण्याला वर ढकलतं, नाणं पाण्याला तेवढंच खाली दाबतं, आणि काटा बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात.

माझा १९१८ चा रुपया झिजून ११.५२ ग्रॅमवर आला होता. पाण्यात आकडा आला १.१२. भागाकार १०.२९. १९४४ चा ११.६१ ग्रॅम, पाण्यात १.२२, भागाकार ९.५२. मला सगळ्यात आवडलं ते हे, की झिजेने वजन घटतं पण घनता हलत नाही. राजाचा चेहरा पुसट झाला तरी नाणं आपली जात सांगतंच.

१९४७ चे रुपये तर निव्वळ निकेलचे. त्यांना पाण्याचीही गरज नाही, लोहचुंबक त्यांना पटकन ओढतो. चांदीला ओढत नाही.

किंमत काढायची तर शुद्ध चांदीच्या ग्रॅमच्या भावाला जुन्या रुपयासाठी १०.६९ ने गुणा, १९४० ते १९४५ च्या रुपयासाठी ५.८३ ने. झीज आणि सराफाची घट त्यातून वजा होईल. पण मोडायला देण्याआधी साल नक्की वाचा. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, त्यावरून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. १९३९ चा रुपयाही दुर्मीळ. अशा नाण्यांना संग्राहक चांदीपेक्षा कितीतरी जास्त मोजतात. आणि काळं पडलेलं नाणं चिंचेने किंवा पावडरने घासू नका. तो काळा थर चांदी आणि हवेतल्या गंधकाच्या संयोगाचा असतो. घासताना त्याच्याबरोबर ठशाच्या बारीक रेघाही जातात, आणि संग्राहक त्याच रेघांचे पैसे देतो.

१९१८ साली अमेरिकेने पिटमन कायद्याखाली आपले २५ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली, हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. आजीच्या डबीतल्या त्या रुपयात कदाचित एखाद्या डॉलरचा अंश असेल. तो मी मोडलेला नाही.