टर्नटेबल घेताय? आधी तानपुरा ऐका

जुन्या बाजारात रविवारी रेकॉर्ड चाळणाऱ्यांच्या घोळक्यात थोडा वेळ उभं राहिलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो: "बेल्ट ड्राइव्हच घ्या, डायरेक्ट ड्राइव्ह डीजे लोकांसाठी." म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रात, टर्नटेबलात, मोटरने तबकडी पट्ट्याने फिरवावी; तबकडी थेट मोटरवर बसवलेली नको. अमेरिकेत २०२२ मध्ये नगांच्या हिशेबात रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. त्या बातमीनंतर तर सल्ला देणाऱ्यांना चेवच चढला. पण सल्ल्यामागचं भौतिकशास्त्र अर्धंच खरं आहे, आणि इतिहास तर चक्क उलटा.

परवडणाऱ्या हाय-फाय टर्नटेबलांत मुख्य चुरस तिघांत. इंग्लंडमधल्या इसेक्सची रेगा, स्थापना १९७३. ऑस्ट्रियाची प्रो-जेक्ट, १९९१ ची. तिची टर्नटेबलं बनतात चेक प्रजासत्ताकातल्या लिटोव्हेल गावी. आणि जपानची ऑडिओ-टेक्निका, जिने १९६२ मध्ये कार्ट्रिज (सुई बसवलेला, खाचेतली थरथर विजेत बदलणारा भाग) बनवण्यापासून सुरुवात केली. रेगाचा आग्रह असा की सांगाडा हलका पण ताठ असावा, म्हणजे कंप त्यात साठून राहत नाही. तिच्या प्लॅनर १ वर मिनिटाला ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड लावायची तर प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची तबकडी, उचलून पट्टा हाताने दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो. प्रो-जेक्टच्या डेब्यू कार्बन इव्होमध्ये कार्बन फायबरचा टोनआर्म (सुई पेलणारा हात) आहे, जड पोलादी प्लॅटर आहे आणि वेग बदलायला साधं बटण. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स डायरेक्ट ड्राइव्ह; रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप आतच, शिवाय वेग किंचित कमीजास्त करणारी सरकपट्टी.

दिसायला, हाताळायला तिन्ही वेगळी, पण तिघांपुढचा प्रश्न एकच: मिनिटाला ३३⅓ फेरे, ना जास्त ना कमी, आणि तेही न डगमगता. वेग एक टक्का चुकला की सूर एक टक्का चुकतो. मधे दुरुस्त करणारं कोणी नाही.

पट्ट्याच्या नेहमीच्या रचनेत सिंक्रोनस मोटर असते, म्हणजे विजेच्या लयीशी बांधून फिरणारी. ती २४ ध्रुवांची असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) विजेवर मिनिटाला बरोबर २५० फेरे घेते. २५० भागिले ३३⅓ म्हणजे साडेसात. म्हणून मोटरच्या पुलीपेक्षा साडेसात पट व्यासाच्या चाकाभोवती पट्टा टाकायचा. हा वेग व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या वारंवारतेवर ठरतो. तेव्हा वेग स्थिर राहावा म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतून स्टॅबिलायझर आणला असेल तर तो खुशाल फ्रिजला लावावा. वारंवारता सांभाळण्याचं काम ग्रिडचं, आणि ग्रिड ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतं.

हीच मोटर अमेरिकेत ६० हर्ट्झवर ३०० फेरे घेते, म्हणून तिथली पुली लहान. मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेलं असं यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून कोथरूडमध्ये चालवलं, तर रेकॉर्ड जेमतेम २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीवर तीन पट्ट्या खाली, गाऊ लागते, तेही संथपणे. इथे पुलीच बदलावी लागते. नव्या अनेक यंत्रांत मोटरला लागणारी वारंवारता आतलं सर्किट स्वतःच तयार करतं, तिथे हा घोळ होत नाही.

आता पट्ट्याची खरी गंमत. अशी मोटर गुळगुळीत फिरत नाही. सेकंदाला १०० बारीक हिसके देत फिरते. रबरी पट्टा म्हणजे स्प्रिंग आणि प्लॅटर म्हणजे वजन. वेगाने येणारे हिसके ही जोडी गिळून टाकते, कारण जड प्लॅटरला तितक्या घाईने हलायला जमतच नाही. बेल्टवाल्यांचा युक्तिवाद इथे संपतो. पण स्प्रिंगला वजन बांधलं की त्या जोडीला स्वतःची एक लय येते, आणि ती असते सेकंदाला काही मोजक्या हेलकाव्यांची. पुली किंचित वाकडी असली किंवा पट्ट्याची जाडी कमीजास्त असली आणि तिथून येणारा हिसका त्याच लयीत पडला, तर तो गिळला जात नाही, झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या ढकलीसारखा वाढतो. त्यातून आपला कान सेकंदाला चारच्या आसपासच्या हेलकाव्याला सर्वांत तीक्ष्ण. म्हणूनच टर्नटेबलाच्या वेगाच्या प्रमाणित चाचणीत ३१५० हर्ट्झचा सूर वाजवतात आणि चार हर्ट्झच्या डुगडुगीला सर्वाधिक भार देतात. चांगला पट्टा आणि ओबडधोबड पट्टा यांतला फरक हा असा.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर थेट मोटरच्या दांड्यावर. मोटर १.८ सेकंदांत एकच फेरा घेते, त्यामुळे तिच्या ध्रुवांचे हिसके अडवायला मधे काही नसतं. त्याऐवजी क्वार्ट्झ स्फटिकाच्या अचूक ठेक्याशी वेग सतत ताडून सर्किट तो सुधारत राहतं. जपानच्या टेक्निक्सने डायरेक्ट ड्राइव्ह १९७० मध्ये बाजारात आणलं (क्वार्ट्झचा ठेका त्यात नंतर आला) आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० काढलं, घरच्या हाय-फायसाठी. डीजे मंडळींनी ते नंतर उचललं, कारण ते चटकन वेग घेतं आणि रगड्याला पुरतं. १९७९ च्या मार्क २ आवृत्तीवर वेगातल्या हेलकाव्याचा आकडा ०.०२५ टक्के छापलेला असे. आजची स्वस्त यंत्रं, पट्ट्याची असोत की थेट मोटरची, तिथवर पोचत नाहीत.

आणि तरीही, घरात ऐकू येणाऱ्या डुगडुगीचा मोठा गुन्हेगार बहुतेकदा टर्नटेबल नसतोच. तो असतो रेकॉर्डचं भोक. भोक केंद्रापासून फक्त ०.२ मिलिमीटर सरकलेलं धरा. बाहेरच्या खाचांवर सूर सुमारे ०.१४ टक्के वरखाली होतो. आतल्या, ६० मिलिमीटर त्रिज्येच्या खाचांवर ०.३३ टक्के. म्हणजे बाजू संपत आली की दर १.८ सेकंदांनी सुमारे दोन तृतीयांश टक्क्याचा एक पूर्ण झोल. रॉकच्या गोंगाटात हे लपून जातं. आपल्या संगीतात मागे तानपुरा असतो. त्याचा सा हलायलाच नको असतो, आणि नेमका तोच हलताना ऐकू येतो. जाता जाता: श्रुती म्हणजे सुरांमधलं बारीक अंतर, आणि त्यांतल्या प्रमाणश्रुतीचं अंतर ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का. जुनी रेकॉर्ड लावून बावीस श्रुतींवर वाद घालणाऱ्यांनी आपल्या पुराव्याचा निम्म्याहून अधिक भाग भोकातून आलेला असू शकतो हे ध्यानात ठेवावं.

हे घरी तपासता येतं. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि त्याचा सा रेकॉर्डमधल्या तानपुऱ्याशी जुळवून घ्या. काळी एकचा सा साधारण १३९ हर्ट्झचा, ०.३३ टक्के म्हणजे अर्ध्या हर्ट्झहून कमी फरक, तो एरवी कळणार नाही. पण जवारीमुळे, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या झंकारामुळे, वरचे उपस्वर (मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर) ठसठशीत असतात, आणि दहाव्या उपस्वरात तोच फरक दसपट, साडेचार हर्ट्झचा होतो. दोन आवाज एकमेकांवर आदळून कंपन ऐकू येतं, आणि ते दर १.८ सेकंदांत ठरावीक पद्धतीने जलद-मंद होत असेल तर दोष भोकाचा. अनियमित असेल तर पट्ट्याकडे संशयाने बघा.

हल्ली विजेच्या वायरीत घालायचे "दिशादर्शक" फ्यूजही विकले जातात. बाण ठरावीक बाजूला ठेवला की म्हणे आवाज खुलतो. ज्या विजेची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते तिच्यासाठी बाण! घर घेताना वास्तूवाल्याला हसणारे लोक हा फ्यूज गंभीर चेहऱ्याने बसवतात.

माझं मत विचाराल तर ख्याल ऐकणाऱ्याने ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स घ्यावं, निव्वळ त्या सरकपट्टीसाठी: रेकॉर्डचा सा आपल्या पेटीशी जुळवता येतो. टोनआर्म रेगाचा सरस, यात वाद नाही, आणि ज्याला रियाजाला साथ नको, फक्त ऐकायचंय, त्याने तिकडे जावं. प्रो-जेक्ट या दोघांच्या मधे, कुरकुर न करता काम करणारं. भोकावर मात्र तिघांकडेही इलाज नाही. १९८० च्या दशकात जपानच्या नाकामिची कंपनीने रेकॉर्डचं खरं केंद्र मोजून प्लॅटर आपोआप सरकवणारं टर्नटेबल केलं होतं. त्याची किंमत पाहता ते सर्रास झालं नाही. आपल्या हाती उरतं एवढंच: रेकॉर्ड स्पिंडलवर (प्लॅटरच्या मधल्या खुंटीवर) जरा सैल बसत असेल तर टोनआर्म डुलताना बघत तिला बोटाने थोडं थोडं सरकवायचं, डुलणं कमी झालं की थांबायचं.