रूट कुणाला करायचं? स्पॅनिंग ट्रीची पार्श्वभूमी

कुपवाड एमआयडीसीतला एखादा कारखाना घ्या. ऑफिस, स्टोअर आणि वजनकाटा इथले तीन स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी यंत्रं) गोलात जोडलेले. एक केबल तुटली तर दुसरीकडून काम चालावं म्हणून. अडचण अशी की इथरनेट फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, आयपी पॅकेटसारखा टीटीएल (ठरावीक टप्प्यांनंतर संपण्याचा आकडा) नसतो. गोलात शिरलेली ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची, फ्रेम फिरतच राहते, तिच्या प्रती वाढतात आणि नेटवर्क बसतं.

हे दुखणं ब्रिजच्या, म्हणजे स्विचच्या पूर्वजांच्या, जमान्यातलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी त्यावर स्पॅनिंग ट्री शोधला: एक स्विच रूट, म्हणजे मूळ, धरायचा आणि जादा लाइन ब्लॉक करून गोल तोडायचा. त्यांचा शोधनिबंध १९८५ चा, आयईईईचं ८०२.१डी मानक १९९० चं.

सर्वांत लहान ब्रिज आयडीवाला स्विच रूट होतो. आयडीत आधी प्रायॉरिटी (आपण बदलू शकतो असा आकडा), मग मॅक ॲड्रेस (स्विचचा मुळातला पत्ता). प्रायॉरिटी सगळीकडे मुळातच ३२७६८, त्यामुळे निकाल मॅकवर लागतो आणि बहुधा सर्वांत जुना स्विच निवडून येतो. समजा, वजनकाट्यावरचा १०० एमबीपीएसचा स्विच रूट झाला. प्रत्येक लाइनला वेगानुसार खर्चाचा आकडा असतो, वेग जास्त तितका तो कमी. तिथपर्यंत ऑफिसचा थेट खर्च १९, स्टोअरमार्गे ४ अधिक १९, म्हणजे २३. स्टोअरचंही तेच गणित. परिणामी ऑफिस-स्टोअरमधली गिगाबिट लाइन एका टोकाला ब्लॉक होते आणि स्टोअरचा ऑफिसकडे जाणारा सगळा डेटा वजनकाट्यावरून वळसा घेऊन जातो! स्पॅनिंग ट्री रूटपर्यंतचाच स्वस्त रस्ता पाहतो. बाकीच्यांच्या सोयीशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून ऑफिसच्या स्विचला ४०९६ आणि स्टोअरच्या स्विचला ८१९२ प्रायॉरिटी द्यावी. आकडा ४०९६ च्या पटीतच लागतो.

खर्चाचे आकडेही बदलत गेले. सुरुवातीला १००० भागिले एमबीपीएस असा हिशेब होता. गिगाबिटला १ आल्यावर पुढे जागाच उरली नाही, म्हणून १०० एमबीपीएसला १९, गिगाबिटला ४, दहा गिगाबिटला २ असा तक्ता आला. नंतरच्या लांब पद्धतीत गिगाबिटचा खर्च २०००० झाला. एक स्विच जुन्या पद्धतीवर आणि दुसरा नव्या, अशी सरमिसळ असेल तर रस्ते भलतीकडूनच निवडले जातात.

जुन्या स्पॅनिंग ट्रीत लाइन तुटल्यावर ५० सेकंदांपर्यंत थांबावं लागे: २० मॅक्स एज (जुनी माहिती बाद होईपर्यंत), मग लाइन उघडण्याआधीचे दोन टप्पे, १५ लिसनिंग आणि १५ लर्निंग. २००१ च्या ८०२.१डब्ल्यूने, म्हणजे रॅपिड स्पॅनिंग ट्रीने, हे काम बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांवर आणलं. पण शेजारचा स्विच जुनं स्पॅनिंग ट्री बोलत असेल तर त्या पोर्टवर पुन्हा जुनाच वेग. पीसीच्या पोर्टला एज (पुढे स्विच नसलेला, टोकाचा पोर्ट) म्हणून नेमलं नाही तर ३० सेकंद तो अडून राहतो आणि डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ता मिळण्याची, वेळ टळून पीसी स्वतःच १६९.२५४ चा कामचलाऊ पत्ता घेतो. अशा पोर्टवर बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचे निरोप) गार्डही लावावा. कुणी तिथे स्पॅनिंग ट्रीवाला स्विच जोडला तर पोर्ट लगेच बंद होतो.