बुधवारच्या ओळीतले ठिपके

पंचवटीतल्या एका घरात दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. ते खातं आजींचं. गेल्या वर्षी त्यांनी त्याच चौकोनांत लाल ठिपके द्यायला सुरुवात केली. साडेपाच वर्षांचा नातू ज्या सकाळी रिक्षात किंचाळायचा, स्वतःचं मनगट चावायचा, त्या तारखेला एक ठिपका. गल्लीत कारणं तयारच होती. लाडावलाय. दृष्ट लागली. आई नोकरी करते ना! महिना संपला तेव्हा चार ठिपके झाले होते. आपल्या कॅलेंडरांत एकेका वाराची आडवी ओळ असते, त्यामुळे चारही ठिपके एका रांगेत आले. बुधवार.

बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो. रिक्षावाले काका एरवी गाडगे महाराज पुलावरून जातात, बुधवारी गर्दी टाळायला होळकर पुलावरून. घरातल्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मुलाच्या आलं होतं, पण सांगायला शब्द नव्हते. त्याला ऑटिझम आहे आणि तेव्हा तो जेमतेम सात-आठ शब्द बोलायचा.

मी विशेष शिक्षिका आहे. आजींनी ते कॅलेंडर भिंतीवरून काढून माझ्यापुढे धरलं, तेव्हा मला लिओ कॅनर आठवले. अमेरिकेतल्या या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझम हे निदान वैद्यकशास्त्रात रुजलं. सगळं रोजच्यासारखंच हवं, जरा बदललं की जीव कासावीस, हे लक्षण त्यांनी तेव्हाच ठळकपणे नोंदवलं होतं. आपण मराठीत या अवस्थेला ‘स्वमग्नता’ म्हणतो. मला तो शब्द खटकतो. स्वतःत बुडालेलं मूल रिक्षाने पूल बदलला हे कशाला टिपेल?

पालक आमच्याकडे येतात ते ‘बोलत नाही’ म्हणून, आणि बरेचदा साडेतीन-चार वर्षांनी. तोवर ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले’ यात दोन वर्षं निघून गेलेली असतात. बोलण्याची वाट बघताना त्याच्या आधीची पायरी नजरेतून सुटते. ती पायरी म्हणजे तर्जनी.

साधारण वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवू लागतं. त्यातही दोन तऱ्हा. डब्याकडे बोट केलं, म्हणजे बिस्कीट हवंय. चांदोबाकडे किंवा विमानाकडे बोट करून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्याला काहीच नकोय. मी बघतोय ते तूही बघ, एवढंच. ऑटिझममध्ये ही दुसरी तऱ्हा विशेषकरून उशिरा येते किंवा येतच नाही. पुष्कळ मुलं बोट करण्याऐवजी आईचं मनगट धरून तिचा हात फ्रिजच्या दारावर नेऊन ठेवतात. हात आईचा, पण नजर तिच्याकडे जात नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या प्राथमिक चाळणीच्या प्रश्नावलीत २० प्रश्न आहेत. त्यांतले तीन थेट बोटाबद्दल: तुम्ही दाखवलं तर बघतं का, मागायला बोट करतं का, नुसतं दाखवायला करतं का. दीड वर्ष झालं आणि यातलं काही नसेल, तर बोलण्याची वाट न बघता तपासून घ्यावं. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हेही लक्षात ठेवायचं.

याच बोटावरून इतर अडचणीही वेगळ्या काढता येतात. ऐकू न येणारं मूल बोलत नाही, पण खाणाखुणांनी घर डोक्यावर घेतं. तरी न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी, म्हणजे पालकांच्या तोंडी असलेली ‘बेरा’, आधी व्हायलाच हवी. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ बोट दाखवायला वेळ घेतं, पण बहुधा दाखवतं. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसताना, हात उचलला जात नसेल, तर मूल डोळ्यांनी दाखवतं. चमच्याकडे बघायचं, मग आईकडे, पुन्हा चमच्याकडे. आपण घाईत असलो तर ते वाक्य पुरं व्हायच्या आत चमचा उचललेला असतो.

‘आमचं काय चुकलं’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. एके काळी शास्त्रच तिला दोषी ठरवत होतं. माया न करणाऱ्या थंड आयांमुळे ऑटिझम होतो, असं डॉक्टर सांगत. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही ऑटिझम असण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं, भिन्न जुळ्यांत अशी एकही जोडी सापडली नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं पक्कं केलं. लसीचं म्हणाल, तर तो संशय पसरवणारा १९९८ चा शोधनिबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत गोवराच्या लशीचा संबंध दिसला नाही. मोबाइलने ऑटिझम होत नाही. पण मोबाइलसमोरचा तास हा ‘मी बोललो, तू बोल’ या खेळातून वजा झालेला तास असतो, एवढं खरं.

आता वर्तनाकडे. आजींनी नकळत जे केलं, ते वर्तन-उपचाराचं पहिलं काम आहे. तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. घरात मधला रकाना सगळ्यांना पाठ असतो, बाकीचे दोन कोरे. एकच किंचाळणं चार कारणांनी येऊ शकतं. कुणी लक्ष द्यावं म्हणून, वस्तू हवी म्हणून, नको त्यातून सुटायचं म्हणून, किंवा शरीरालाच काही सोसवत नाही म्हणून. दात दुखतोय, पोट साफ नाही, हेही शेवटच्यातच येतं. मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला आणि मुलाने कानांवर हात दाबून रस्त्यातच लोळण घेतली, तर चॉकलेट देऊन काय होणार? त्याला आवाजापासून लांब न्यायला हवं. उलट, ताट भिरकावल्यावर दर वेळी मोबाइल हातात मिळत असेल, तर तिसरा रकाना वाचायला हवा. ताट भिरकावणं म्हणजे मोबाइल मागणं, असं आपणच शिकवून ठेवलेलं असतं. मग नुसता मोबाइल काढून घेऊन भागत नाही. मागायची दुसरी, सोपी रीत त्याच्या हाती द्यावी लागते: एखादी खूण, चित्राचं कार्ड.

या शाखेचा इतिहास मात्र सगळाच अभिमानाचा नाही. अमेरिकेतल्या इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये १९ मुलांवर आठवड्याला ४० तासांच्या शिकवणीचा अहवाल दिला. त्यांतली ९ मुलं नेहमीच्या शाळेत इतरांसारखी शिकू लागली, असा दावा होता. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलेली नव्हती, हा आक्षेप तेव्हापासून आहे. त्याआधीच्या काळात थपडा आणि विजेचे झटकेसुद्धा वापरले गेले. आज ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः सांगतात की ‘माझ्या डोळ्यांत बघ’ हा आग्रह त्यांना शारीरिक त्रासासारखा वाटे. मला त्यांचं पटतं. हात फडफडवण्याने कुणाचं काही बिघडत नसेल, तर ते थांबवण्यात महिने का घालवायचे? मनगट चावणं थांबवायचं, कारण मनगटाला जखम होते.

आता शिकवणं खेळात आणि घरकामात आलंय. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ घ्यायचे आणि पालकांसोबत बसून बघायचे. मुलाने काय सुरू केलं आणि तुम्ही कुठे आडवे आलात, एवढंच शोधायचं. अशी १२ सेशन झाली. पालकांचं मुलाच्या कलाने घेणं वाढलं, मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी भरला. मला हा अभ्यास त्या अडनिड्या निकालासकट भरवशाचा वाटतो.

नाशिक जिल्ह्याला याचं मोल जास्त. थेरपीच्या पाट्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोडला दिसतात. सुरगाण्याहून मुलाला घेऊन एसटीने यायचं, तर सुमारे ९० किलोमीटर घाटरस्ता आणि दिवसाची मजुरी बुडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची आणि विकासात मागे वाटणाऱ्यांना जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्रात, पाठवायचं, अशी व्यवस्था आहे. पथक येईल त्या दिवशी बोटाचं आवर्जून सांगा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून २१ झाले आणि ऑटिझम त्यांत आला. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवावं, ‘निरामय’ आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत संरक्षण असतं, थेरपीसुद्धा त्यात बसते.

स्टेम सेलची इंजेक्शनं घ्यायची का, असंही विचारतात. जमीन विकून घेणारे आहेत, म्हणून सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमसाठी हा मान्य उपचार नाही.

पंचवटीच्या घरात शेवटी दोन कार्डं झाली. बाबांनी दोन्ही पुलांचे फोटो काढले आणि झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणले. रोज रात्री जेवणानंतर उद्याच्या पुलाचं कार्ड फ्रिजवर लावायचं. ‘कार्डं दिली तर हा बोलायचाच नाही’ ही आईची भीती होती. चित्रांमुळे बोलणं अडल्याचं संशोधनात दिसत नाही, उलट काही मुलांत थोडं वाढतं. पुढच्या महिन्यात ठिपका एकच.

मग पावसाळा आला. गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलं आणि बुधवारचा बाजार भरलाच नाही. रस्ता मोकळा बघून काकांनी रिक्षा गाडगे महाराज पुलावर घातली. फ्रिजवर कार्ड होळकर पुलाचं! पोराने रिक्षा डोक्यावर घेतली. आजींनी मला फोन केला तो तक्रारीच्या सुरात, पण मला हसू आलं, कारण रडण्याचं कारण या वेळी कार्ड खोटं ठरल्याचं होतं. आता फ्रिजवर तिसरं कार्ड आहे. त्यावर रिक्षा आहे आणि बाजूला मोठं प्रश्नचिन्ह. ते आजींनी स्वतः काढलंय, स्केचपेनने.