चिलेशनच्या चाळीस सलाईन

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले की घरात सल्ल्यांची रीघ लागते. त्यात हल्ली एक सल्ला हमखास असतो: बायपासच्या भानगडीत पडू नका, चिलेशन करून बघा. आठवड्याला एक सलाईन लावायची, त्यातल्या औषधाने रक्तवाहिन्यांत साचलेला कॅल्शियमचा थर सुटतो आणि लघवीवाटे निघून जातो, असं सांगतात. ना चिरफाड, ना भूल. आधीच घाबरलेल्या माणसाला हे चटकन पटतं. त्यातलं रसायनशास्त्र खरं असल्यामुळे शिकल्यासवरल्या लोकांनाही पटतं.

हे औषध म्हणजे ईडीटीए. 1935 च्या सुमारास जर्मनीत फर्डिनांड म्युंत्स या रसायनतज्ज्ञाने ते तयार केलं. हेतू वैद्यकीय नव्हता. कापड रंगवताना जड पाण्यातलं कॅल्शियम आड येतं, ते पकडून ठेवणारा पदार्थ हवा होता. खेकड्याने नांगीत भक्ष्य धरावं तसा ईडीटीएचा रेणू धातूचा आयन सहा बाजूंनी पकडतो आणि सहजी सोडत नाही. त्याचं काम आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रक्ततपासणीला गेल्यावर हिमोग्लोबिन आणि पेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. त्या नळीत आतून ईडीटीए लावलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते ईडीटीए धरून ठेवतं, म्हणून नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत पातळ राहतो.

1950 च्या दशकात अमेरिकेत शिशाच्या विषबाधेवर ईडीटीए शिरेतून देऊ लागले आणि तिथे त्याचा खरोखर उपयोग झाला. डेट्रॉइटचे डॉक्टर नॉर्मन क्लार्क बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवर हे उपचार करत होते. ज्यांना छातीत दुखायचं त्यांचं दुखणं कमी झाल्यासारखं क्लार्कना वाटलं. त्यांनी ईडीटीए हृदयरोग्यांना देऊन पाहिलं आणि 1956 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तर्क सरळ होता: धमनीतल्या थरात कॅल्शियम आहे, ईडीटीए कॅल्शियम पकडतं, म्हणजे थर जाईल. पण सलाईनमधलं ईडीटीए आधी पकडतं ते रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम. ते कमी झालं की शरीर हाडांतून भरपाई करतं. शिवाय धमनीतला थर म्हणजे नळाला आतून चिकटलेला क्षार नव्हे. कोलेस्टेरॉल, दाह झालेल्या पेशी आणि तंतू यांचा तो गुंता धमनीच्या अस्तराखाली, भिंतीतच असतो. किचेल आणि मेल्टझर हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर सुरुवातीला या उपचाराच्या बाजूचे होते. 1963 मध्ये त्यांनीच फेरआढावा घेऊन हृदयरोगासाठी याची शिफारस करता येत नाही असं लिहिलं.

उपचार मात्र थांबला नाही. तो मोठ्या रुग्णालयांतून बाहेर पडला आणि पूरक उपचारांच्या दवाखान्यांत स्थिरावला.

याच्या धोक्याबद्दल जाहिरातीत कधी काही लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहितो. ईडीटीएचे दोन क्षार औषध म्हणून वापरले गेले आहेत आणि त्यांची नावं फसवी आहेत. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिशाच्या विषबाधेवर देतात. त्यात कॅल्शियम आधीच बसलेलं असल्यामुळे ते रक्तातलं कॅल्शियम ओढत नाही. नुसतं डायसोडियम ईडीटीए मात्र ओढतं, आणि भराभर दिलं तर रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली येतं की हृदय बंद पडू शकतं. 2003 ते 2005 या काळात अमेरिकेत असे तीन मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने केली. त्यात दोन लहान मुलं होती. एका मुलीला शिशाच्या विषबाधेसाठी एक क्षार द्यायचा तर दुसरा दिला गेला. दुसऱ्या मुलाला ऑटिझम होता, आणि चिलेशनने ऑटिझम बरा होतो याला कसलाही आधार नाही. त्या आईबापांचा विचार मनातून जात नाही.

अनेक हृदयरोगतज्ज्ञांनी चिलेशनला भोंदूगिरी म्हणून हातावेगळं केलं होतं. मायामीचे डॉ. हर्वासियो लामास यांचंही मत सुरुवातीला तेच होतं. पण 1999 मध्ये एका रुग्णाने त्यांना चिलेशनबद्दल विचारलं, आणि नाही म्हणायला आपल्याकडे तरी भक्कम पुरावा कुठे आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून ‘टॅक्ट’ ही चाचणी उभी राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तिला पैसा दिला. पन्नाशी उलटलेले आणि हार्ट अटॅक येऊन गेलेले 1,708 जण अमेरिका आणि कॅनडातून घेतले. निम्म्यांना ईडीटीए आणि जीवनसत्त्वांची 500 मिलिलिटरची बाटली, निम्म्यांना साधी सलाईन. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. प्रत्येकी चाळीस बाटल्या, एकेका बाटलीला किमान तीन तास. म्हणजे सगळ्या बाटल्या पूर्ण करणारा रुग्ण जवळजवळ 120 तास हाताला सुई लावून बसला!

2013 मध्ये निकाल छापून आला आणि सगळे चमकले. मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास आणि छातीत दुखून भरती होणं, यांपैकी काही ना काही साध्या सलाईनच्या गटात 30 टक्के लोकांना झालं, तर चिलेशनच्या गटात 26 टक्के. मधुमेह असलेल्यांत तर फरक 38 आणि 25 टक्के इतका मोठा होता. पण आकड्यांत एक खोट होती. 289 जणांनी चाचणीतून संमती काढून घेतली, त्यातले 174 साध्या सलाईनच्या गटातले आणि 115 चिलेशनच्या. निघून जाणाऱ्यांचा तोल असा एका बाजूला झुकला, याचा अर्थ आपल्या बाटलीत काय आहे हे काहींना कळलं असावं, अशी टीका झाली आणि ती रास्त होती.

आणखी एक गोष्ट जाहिरातदार सोयीने गाळतात. टॅक्टमधल्या 83 टक्के रुग्णांची बायपास किंवा अँजिओप्लास्टी आधीच झालेली होती. बहुतेक जण ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्याही घेत होते. चिलेशन या सगळ्याच्या जोडीला दिलं गेलं, बायपासऐवजी ते चालतं का हे या चाचणीत तपासलंच नव्हतं.

लामास आणि त्यांचे सहकारी ‘झालं सिद्ध’ म्हणून थांबले नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. जिथे फरक सर्वांत मोठा दिसला त्याच रुग्णांवर, म्हणजे मधुमेह आणि अटॅक दोन्ही असलेल्या सुमारे हजार जणांवर, त्यांनी नवी चाचणी केली. तर्कही बदलला होता. कॅल्शियमचा थर विरघळतो ही कल्पना मागे पडली होती. शिसं आणि कॅडमियम हे जड धातू रक्तवाहिन्यांना इजा करतात याचा पुरावा दरम्यान वाढला होता, आणि ईडीटीए ते धातू बाहेर काढतं. 2024 मध्ये निकाल आला. रक्तातलं शिसं 61 टक्क्यांनी घटलं, म्हणजे औषधाने आपलं काम चोख केलं होतं. पण रुग्णांचं काय झालं? चिलेशनच्या गटात 35.6 टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, साध्या सलाईनच्या गटात 35.7 टक्के.

अशा वेळी कोणी म्हणतं, आमच्या काकांना तर बरं वाटलं. वाटलं असणार, त्यात खोटं काही नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी फायब्रोमायल्जिया या चिवट अंगदुखीच्या 34 रुग्णांवर केलेली चाचणी 2009 मध्ये छापून आली. काहींना जीवनसत्त्वांचं शिरेतून द्यायचं मिश्रण, काहींना नुसतं रिंगर लॅक्टेट म्हणजे क्षारांचं साधं सलाईन, आठ आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं आणि गटागटांत ठोस फरक निघाला नाही. आपल्याकडे गावोगाव ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा डॉक्टर’ म्हणणारे काही कमी नाहीत. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत जेमतेम 25 ग्रॅम साखर असते. पण तास-दोन तास पडून राहणं, कोणीतरी येऊन नाडी बघणं, आपल्यासाठी काहीतरी मोठं चाललंय ही भावना, या सगळ्याचा दुखण्यावर आणि थकव्यावर परिणाम होतोच. धमनीतल्या ब्लॉकेजवर मात्र तो होत नाही.

एक प्रश्न तरीही उरतो आणि तो आपल्याला लागू आहे. दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांच्या रक्तात शिसं मुळातच फार थोडं होतं, डेसिलिटरला 0.9 मायक्रोग्रॅम. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात ते 5 किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यात भारतातल्या मुलांचा वाटा मोठा आहे. 2000 सालापासून आपल्या पेट्रोलमधून शिसं गेलं. पण उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, रंग, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून त्यात घातलं जाणारं लेड क्रोमेट आणि शिशाचा अंश असलेली काही भस्मं, हे मार्ग अजून उघडे आहेत. मग जास्त शिसं असलेल्या भारतीय हृदयरोग्याला चिलेशनचा फायदा होईल का? ते तशा रुग्णांवरच्या चाचणीतूनच कळेल. तोवर ज्याला शंका असेल त्याने रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. प्रमाण खरंच जास्त निघालं तर आधी ते कुठून येतंय हे शोधायला हवं. मुलांमध्ये औषधाने शिसं काढायचा विचार साधारण डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅमच्या पुढे होतो, आणि तोही रुग्णालयात, योग्य क्षार वापरून, मूत्रपिंडांवर नजर ठेवून.