कानातला धातू आणि सीटीवरच्या रेघा

ऐकू न येणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून कानात शस्त्रक्रियेने बसवतात ते यंत्र म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट. ते बसवलेल्या माणसाच्या डोक्याचा सीटी स्कॅन पहिल्यांदाच बघणाऱ्याला हमखास वाटतं, मशीन बिघडलंय. कानामागे लखलखीत पांढरा गोळा, त्यातून चहूबाजूंना फुटलेल्या काळ्या-पांढऱ्या रेघा, आणि त्या रेघांखाली आसपासचा मेंदू गडप. मशीन ठणठणीत असतं. शरीरात नसलेल्या, पण चित्रात उमटलेल्या अशा गोष्टींना रेडिओलॉजीत आर्टिफॅक्ट म्हणतात.

मुंबईत असे स्कॅन आता नवलाचे राहिलेले नाहीत. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांसाठीची संस्था केंद्र सरकारच्या ‘एडिप’ या अपंगांना साधनं पुरवणाऱ्या योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळवून देण्याचं काम बघते; खासगी रुग्णालयांतून होणाऱ्या शस्त्रक्रिया वेगळ्याच. ही मुलं मोठी होतात, पडतात-झडतात, कधी डोक्याला मार लागतो आणि मेंदू तपासायची वेळ येते. एमआरआयचं काम सोपं नसतं, कारण इम्प्लांटमध्ये चुंबक असतो. मॉडेलनुसार कधी डोक्याला घट्ट पट्टी बांधावी लागते, कधी चुंबकच काढावा लागतो. मग गाडी सीटीवर येते.

आत नेमकं काय असतं? कानामागे कातडीखाली इलेक्ट्रॉनिक्सची डबी, बहुतेक मॉडेलांत टायटॅनियमची. तिच्यातून निघणारी सिलिकॉनची बारीक तार कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या अडीच-पावणेतीन वेढ्यांच्या शंखात शिरते. हा शंख तळाशी जेमतेम ९ मिलिमीटर रुंद. तारेवर कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे बारीक संपर्कबिंदू, असतात, प्लॅटिनमचे किंवा त्याच्या मिश्रधातूचे. टायटॅनियमचा अणुक्रमांक २२, प्लॅटिनमचा ७८. टायटॅनियमची घनता दर घनसेंटिमीटरला साडेचार ग्रॅम, प्लॅटिनमची २१ च्या वर. पुढची सगळी कटकट या आकड्यांतून येते.

सीटी फोटो काढत नाही, हिशोब करतो. एक्स-रे ट्यूब डोक्याभोवती फिरत शेकडो कोनांतून किरण सोडते, आणि प्रत्येक किरण वाटेत एकंदर किती अडला याची नोंद होते. या बेरजांवरून कॉम्प्युटर उलटं गणित करतो आणि डोक्यातल्या प्रत्येक ठिपक्याला आकडा देतो: पाण्याला ०, हवेला उणे १०००, घट्ट हाडाला हजाराच्या पुढे. मोजपट्टीला गॉडफ्री हौन्सफील्डचं नाव आहे. १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. नेहमीच्या सेटिंगमध्ये ही पट्टी ३०७१ ला संपते. त्यापुढचे धातू सगळे एकाच पांढऱ्या रंगात.

या गणितात एक गृहीतक दडलेलं आहे: सगळे किरण सारख्याच ऊर्जेचे. प्रत्यक्षात ट्यूबमधून कमी-जास्त ऊर्जेच्या फोटॉनची, म्हणजे किरणांच्या कणांची, मिसळ निघते. धातूत शिरल्यावर दुबळे फोटॉन आधी संपतात आणि दणकट तेवढे पार होतात. डिटेक्टरवर अपेक्षेपेक्षा जास्त फोटॉन पोचले, की गणिताला वाटतं वाटेत अडथळा कमीच होता. दोन धातूंच्या मध्ये काळा पट्टा उमटतो तो त्यामुळे. याला बीम हार्डनिंग म्हणतात.

दुसरी भानगड त्याहून वाईट. काही दिशांनी धातूतून जवळजवळ काहीच पार होत नाही. डिटेक्टरवर मूठभर फोटॉन आणि बाकी नुसता गोंगाट, म्हणजे मोजणीतले अर्थहीन चढउतार. त्यावर लॉगॅरिदम घेतला, की किरकोळ चूक अवाढव्य होते आणि चित्रात रेघ बनून आरपार जाते. शिवाय इलेक्ट्रोड आहे त्यापेक्षा जाड दिसतो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या तारेवरचे शेजारी-शेजारी इलेक्ट्रोड मग एकमेकांत मिसळून एकच पांढरी पट्टी होतात.

यावरचा जुना संगणकी उपाय जर्मनीतल्या विली कालेंडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला. कच्च्या मोजमापांत धातूतून गेलेल्या किरणांच्या नोंदी ओळखायच्या, त्या फेकून द्यायच्या, आणि भोकाच्या दोन्ही काठांवरच्या आकड्यांवरून मधले आकडे भरायचे. हे रफूचं काम आहे. रफूगर काठाचे धागे बघून मधले धागे ओढतो. फाटलेल्या जागी नक्षीत काय होतं हे त्याला कुठून कळणार? पुढे या पद्धतीत बऱ्याच सुधारणा झाल्या आणि आज मोठ्या कंपन्यांच्या स्कॅनरमध्ये असं सॉफ्टवेअर मिळतं. दात, मणक्याचे स्क्रू, खुब्याचा सांधा, असे वेगवेगळे पर्यायही असतात.

खुब्यासाठी हे झकास चालतं. तिथे धातू ही अडचण असते आणि डॉक्टरांना शेजारचं हाड, स्नायू, मूत्राशय बघायचं असतं. कानात नेमकं उलटं होतं. सर्जनला बघायचा असतो तो धातूच: तार शंखाच्या खालच्या कप्प्यात आहे की वरच्यात घुसली, टोक दुमडलं का, किती इलेक्ट्रोड बाहेर राहिले. सॉफ्टवेअर ज्या नोंदी बाद करतं, त्याच इथे साक्षीदार. म्हणून सुधारलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी मूळ चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कानाचा रिपोर्ट लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मार लागल्यावर मेंदूत रक्तस्राव आहे का एवढंच बघायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डबीच्या रेघा पुसलेल्या बऱ्या, तरी मूळ चित्र हाताशी हवंच.

आकडे गमावण्याआधीच काही करता येतं. ट्यूबपुढे कथलाचा पत्रा ठेवून दुबळे फोटॉन आधीच गाळता येतात. दोन ऊर्जांवर स्कॅन करून जास्त ऊर्जेचं चित्र गणिताने तयार करता येतं. टायटॅनियमच्या डबीला याचा चांगला फायदा होतो. प्लॅटिनमशी मात्र फोटॉन पोचतच नाहीत तिथे गणित तरी काय करणार. हौन्सफील्डची पट्टी लांबवणं आणि विंडो, म्हणजे काळ्या ते पांढऱ्या छटांत दाखवायच्या आकड्यांची मर्यादा, भरपूर रुंद ठेवणं हा फुकटचा उपाय, आणि त्याने इलेक्ट्रोड सुटे दिसायला पुष्कळ मदत होते. कोन-बीम, म्हणजे शंकूच्या आकाराच्या झोताचा, सीटी बारीक तपशील दाखवतो आणि त्यात रेघाही सहसा कमी येतात, पण काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागतं, आणि दातांसाठीच्या सगळ्याच यंत्रांचा आवाका कानापर्यंत पोचत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेला फोटॉन-काउंटिंग सीटी प्रत्येक फोटॉन सुटा मोजतो आणि ०.२ मिलिमीटरपर्यंतचे काप देतो. माझी आशा यावरच जास्त आहे. आणि साधा एक्स-रे? डोकं तिरपं ठेवून काढलेल्या कानाच्या एक्स-रेत, म्हणजे स्टेनव्हर्स व्ह्यूमध्ये, उलटं गणितच नाही, त्यामुळे रेघाही नाहीत. कप्पा कळत नाही, पण दुमडलेलं टोक कळतं, आणि खर्चही थोडा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपाय जरा जपून घ्यावा. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये त्याच कानांचे शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे स्कॅन जोडीने दाखवून एका नेटवर्कला रेघाविरहित कान रंगवायला शिकवलं. कल्पना हुशारीची. पण प्रत्येक शंख थोडा निराळा असतो, आणि नेटवर्क रंगवतं तो आजवर पाहिलेल्या कानांवरून केलेला अंदाज. खरा स्वच्छ कान शस्त्रक्रियेआधीच्या स्कॅनमध्ये असतो. तो नंतरच्या स्कॅनवर बसवला, की एकातून शंख मिळतो, दुसऱ्यातून तार. म्हणून आई-वडिलांनी ती पहिली सीडी जपून ठेवावी. नुसती फिल्म पुरत नाही. हे जोडकाम डिजिटल फाइलवरच होतं.

स्कॅनच्या वेळची एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कानावरचा प्रोसेसर आणि कॉइल, म्हणजे आवाज टिपून आतल्या इम्प्लांटला पोचवणारे बाहेरचे भाग, आधी काढून ठेवतात, आणि त्याबरोबर ऐकूही यायचं थांबतं. काचेपलीकडून टेक्निशियन माइकवर ‘हलू नका’ म्हणतो ते टेबलावरच्या माणसापर्यंत पोचत नाही. डोकं हललं की धातूच्या रेघा आणखी वाढतात, आणि हललेला स्कॅन सॉफ्टवेअरलाही फारसा सावरता येत नाही. तेव्हा प्रोसेसर काढण्याआधीच खुणा ठरवून घ्याव्यात: तळहात दाखवला की स्थिर राहायचं, अंगठा दाखवला की झालं.